स्टिअरिंगमधली क्लॉक स्प्रिंग बदलायची आहे – घरी करू का उद्यमबागेत देऊ?

टिळकवाडीकर (रविवार, रात्री ९.४०)

मंडळी, नमस्कार. गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, केए २२ (बेळगाव पासिंग), एक लाख दहा हजार किलोमीटर झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की पहिल्या पाच प्रतिसादांत तिचं खानदान निघेल आणि माझा प्रश्न तसाच राहील.

गणपतीत स्टिअरिंगवरची आवाज कमी-जास्त करायची बटणं गेली. म्हटलं जाऊ दे. दसऱ्यानंतर पहिल्या रेल्वे गेटला वळण घेताना स्टिअरिंगच्या आतून कागद चुरगळल्यासारखा आवाज यायला लागला. मग हॉर्न फक्त स्टिअरिंग सरळ असताना वाजायचा, वळवलं की मुका. आठ दिवसांपूर्वी तोही पूर्ण गेला, आणि डॅशबोर्डवर तो पोटाशी फुगा धरून बसलेला लाल माणूस कायमचा उजळला.

अधिकृत सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावून सांगितलं, ड्रायव्हर एअरबॅगच्या सर्किटचा रेझिस्टन्स जास्त दाखवतोय, क्लॉक स्प्रिंग, म्हणजे स्टिअरिंगखालची वायरची गुंडाळी, गेलीय. पार्ट साडेसहा हजार, मजुरी वेगळी, चार दिवस थांबा. उद्यमबागेतला एक इलेक्ट्रिशियन म्हणाला, "पार्ट आणून द्या, अर्ध्या तासात बसवतो." मी विचारलं, बॅटरी काढून ठेवायची ना? तर म्हणे, "बॅटरी कशाला काढायची? घड्याळ, रेडिओ सगळं पुसून जातंय की." तिथून मी हळूच निघालो.

तर प्रश्न दोन. घरी करण्यासारखं काम आहे का? आणि खरा धोका नेमका कुठे आहे?

---

कुंदा_पाव_किलो (रात्री ९.५२)

हॉर्नशिवाय खडेबाजारातून गाडी चालवता? तुम्हाला एअरबॅगची नाही, शौर्यपदकाची गरज आहे.

---

निपाणीकर (रात्री १०.०५)

आधी फ्यूज बघा. मग हॉर्नचा रिले. शेजारी तसाच दुसरा रिले असतो, तो अदलाबदल करून बघा. तरीही नाही तर हॉर्नला बॅटरीवरून थेट वायर देऊन बघा, पावसाळ्यात हॉर्नच सडतात. आमच्याकडे तर उंदरांनी वायरच खाल्ली होती. गाडी उसाच्या फडाशेजारी लावली की हे ठरलेलं. साडेसहा हजारांचा पार्ट आणायच्या आधी वीस रुपयांचा फ्यूज.

---

रेझिस्टर (रात्री १०.३१)

निपाणीकरांचा सल्ला एरवी बरोबर, पण या केसमध्ये निदान जवळजवळ झालेलंच आहे. बटणं, हॉर्न आणि एअरबॅगचा दिवा अशा तीन वेगळ्या गोष्टी एकापाठोपाठ गेल्या. तिघांचे फ्यूज एक नसतात. तिघांची वाट एकत्र येते ती एकाच ठिकाणी, स्टिअरिंगच्या खाली. त्यात वळवल्यावर हॉर्न जातो आणि सरळ केल्यावर येतो, म्हणजे फिरणाऱ्या जागेतच काहीतरी तुटलंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: स्टिअरिंग फिरतं, कॉलम जागेवर राहतो. मधून वायर कशी न्यायची? जुन्या, एअरबॅग नसलेल्या गाड्यांत तांब्याची एक चकती आणि तिच्यावर घासणारा ब्रश असायचा. हॉर्नला तेवढं पुरतं, कारण हॉर्नचं बटण म्हणजे फक्त रिलेला अर्थिंग देणारा खटका. क्षणभर संपर्क तुटला तरी बिघडत नाही. एअरबॅगला ते चालत नाही. तिला आयुष्यात एकदाच करंट मिळायचा असतो आणि तो नेमका त्याच क्षणी मिळायला हवा. म्हणून घासणारा संपर्क काढून अखंड पट्टी टाकली. प्लॅस्टिकच्या चपट्या डबीत गुंडाळलेली रिबन, स्टिअरिंग फिरेल तशी आवळते आणि सैल होते. घड्याळाच्या चावीच्या स्प्रिंगसारखी दिसते म्हणून क्लॉक स्प्रिंग. कुणी स्पायरल केबल म्हणतं, कुणी कॉन्टॅक्ट कॉइल.

दहा वर्षं ती पट्टी रोज शेकडो वेळा वाकते. एक दिवस मोडणारच.

---

गोकाकचा_करदंट (रात्री १०.४०)

माझ्या २००६ च्या गाडीत ना एअरबॅग, ना बटणं, ना हा ताप. हॉर्न मात्र असा वाजतो की ऊस भरलेला ट्रॅक्टरसुद्धा बाजू देतो.

---

रेझिस्टर (रात्री १०.४४)

करदंट, धडक झाली की स्टिअरिंग छातीत घुसतं हेही त्याच पॅकेजमध्ये येतं. नव्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची आहे, शेजारच्या सीटची ३१ डिसेंबर २०२१ पासून. उगाच नाही केलेली.

---

जुना_फिटर (सोमवार, सकाळी ६.१५)

मी उद्यमबागेत बत्तीस वर्षं काम केलंय, आता हात थरथरतात म्हणून घरी हाय. टिळकवाडीकर, तुम्ही त्या पोराकडनं निघून आला ते चांगलं केलं. काम अर्ध्या तासाचंच हाय, त्यात तो खोटं बोलला नाही. खरं ज्यानं बॅटरी काढायला नको म्हटलं त्याच्या हातात स्टिअरिंग द्यायचं नाही.

लिहून घ्या.

चाकं सरळ करून गाडी सपाट जागेवर लावा. चावी काढा. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून बाजूला बांधून ठेवा, परत टेकायला नको. मग थांबा. एअरबॅग चालवणाऱ्या युनिटमध्ये कपॅसिटर असतोय, वीज साठवणारा, बॅटरी काढली तरी थोडा वेळ भरलेला राहतोय. अपघातात बॅटरी चिरडली तरी बॅग फुटायला पाहिजे म्हणून तो ठेवलाय. कुठल्या गाडीचं पुस्तक ९० सेकंद सांगतंय, कुठल्या गाडीचं ३ मिनिटं, कुठलं त्याच्याहून जास्त. मी चहा मागवायचो. चहा येऊन पिऊन होईस्तोवर स्टिअरिंगला हात नाही. आपल्याकडं चहा दहा मिनिटांच्या आत कधी येत नाही.

मग एअरबॅग. कुठल्या गाडीत स्टिअरिंगच्या मागनं दोन स्टार बोल्ट असतात, कुठल्यात बाजूच्या भोकांतनं स्क्रू ड्रायव्हर घालून तारेचं लॉक सोडायचं. मागच्या पिवळ्या कपलरला, म्हणजे वायरच्या जोडाला, आधी लॉक असतंय, ते उचलल्याशिवाय ओढायचं नाही. पिवळा रंग दिसला की तिथं टेस्ट लॅम्प नाही, मल्टिमीटर नाही, काही नाही. काढलेली बॅग हातात धरताना तिचं तोंड आपल्यापासून लांब. टेबलावर ठेवताना तोंड वर. पालथी ठेवलीसा आणि उडाली तर डबाच बंदुकीच्या गोळीसारखा वर येतोय.

मधला नट पूर्ण काढायचा नाही. आट्यांवर दोन-तीन फेरे राहू देत. मग पुलर लावायचा, स्टिअरिंग ओढून काढायचं अवजार. हातानं हिसके मारून काढाल तर स्टिअरिंग एकदम सुटून तोंडावर बसतंय. माझा समोरचा अर्धा दात तसाच गेलाय, १९९४ मध्ये, तेव्हा एअरबॅगपण नव्हती. हातोडी मारायची नाही. नट सोडताना स्टिअरिंग लॉकवर जोर द्यायचा नाही, दुसऱ्या माणसाला धरायला सांगायचं. नट सोडायच्या आधी शाफ्टवर आणि स्टिअरिंगवर समोरासमोर खूण करायची, म्हणजे बसवताना खाचा चुकत नाहीत.

राहिलेलं दुपारी लिहितो, नातवाला शाळेत सोडायचंय.

---

खानापूरची_माई (सोमवार, सकाळी ८.२०)

फिटरकाका, दंडवत.

माझ्या गाडीचं हेच काम झालंय, दोन वर्षांपूर्वी. कारण वेगळं होतं आणि ते इथे सांगणं गरजेचं वाटतं. जांबोटीच्या रस्त्यावर खड्ड्यात गाडी आदळली, स्टिअरिंग किंचित डावीकडे वाकडं राहू लागलं. अलाइनमेंटला गेले. त्याने खालचे टाय रॉड (चाकं वळवणारे दांडे) समायोजित करायचे सोडून सरळ स्टिअरिंगच काढलं, खाच बदलून बसवलं आणि म्हणाला, "झालं बघा, सरळ." मधे डबी मोकळी असताना ती त्याच्याकडून गरागरा फिरली असणार. चोर्ला घाटातल्या एका घट्ट वळणावर स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे नेलं आणि आतून 'कट्' असा आवाज आला. हॉर्न गेला, दिवा लागला. समोरून गोव्याची बस.

शिकले ते असं, की डबी मोकळी असताना फिरवायची नसते, आणि खूण करताना खडू किंवा मार्कर वापरायचा नाही. तिथे ग्रीस असतं, पहिल्या फडक्यात पुसलं जातं. नेलपॉलिश वापरा. वाळायला दोन मिनिटं, आणि पेट्रोलच्या फडक्यालाही एकदम दाद देत नाही.

---

कुंदा_पाव_किलो (सकाळी ८.३१)

नेलपॉलिशचा रंग कोणता घ्यावा? गाडी पांढरी आहे.

---

खानापूरची_माई (सकाळी ८.३४)

तुमच्या नखांना शोभेल तो.

---

टिळकवाडीकर (सकाळी ९.१०)

फिटरकाका, माई, मनापासून आभार. मार्कर आहे घरी, परमनंट. चालेल ना?

रेझिस्टर, एक शंका. मल्टिमीटर का नको? मी तर तारेची सलगता बघायलाच घेणार होतो.

---

रेझिस्टर (सकाळी ९.४५)

डबी पूर्णपणे काढून टेबलावर घेतलीत, दोन्हीकडचे कपलर सुटे आहेत, तर त्या सुट्या डबीवर खुशाल मीटर लावा. एअरबॅगच्या दोन पिनांवर कधीही नाही. आत एक बारीक तार असते, बल्बच्या फिलामेंटसारखी, तिचा रेझिस्टन्स जेमतेम दोन-तीन ओहम. ती तापली की रसायन पेटतं आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत बॅग फुगते. मीटर ओहमवर असताना स्वतःचा करंट सोडतो. बहुतेक वेळा तो फार कमी असतो, पण 'बहुतेक वेळा' हा शब्द मला तोंडापासून एका हातावर ठेवलेल्या स्फोटकाबाबत आवडत नाही. त्या सर्किटचं मोजमाप गाडीचं स्वतःचं युनिट करतं आणि स्कॅनर ते वाचतो. तेवढं पुरे.

पिवळ्या कपलरच्या आत एक पत्र्याची पट्टी असते. कपलर सुटला की ती दोन्ही पिना आपोआप जोडून टाकते, म्हणजे भरकटलेला करंट आला तरी बॅगेतून जात नाही. म्हणून कपलरच्या आत पिन, टाचणी, तार खुपसायची नाही, ती पट्टी उचलली जाते.

---

अथणीचा_पाव्हणा (सकाळी ११.२०)

एवढं कशाला? आमच्या इथल्या एकानं कपलरमध्ये एक रेझिस्टर घालून दिवा बंद करून दिला. दोनशे रुपये. हॉर्नला डॅशबोर्डवर वेगळं बटण. गाडी पळतीय.

---

रेझिस्टर (सकाळी ११.२६)

माझं नाव या कामासाठी वापरलं जातंय याचा मी तीव्र निषेध करतो.

पाव्हणं, त्याने गाडीच्या युनिटला थाप मारली आहे. युनिटला वाटतंय बॅग जोडलेली आहे. प्रत्यक्षात तुमच्या छातीसमोर रिकामं प्लॅस्टिक आहे. दिवा जळत होता तेव्हा निदान तुम्हाला खरं कळत होतं.

---

अथणीचा_पाव्हणा (सकाळी ११.४०)

बेल्ट लावतोय की मी.

---

जुना_फिटर (दुपारी २.०५)

पाव्हण्या, बेल्ट आणि बॅग हे नवरा-बायकोसारखं हाय. एकट्यानं संसार होतोय, खरं धडक बसली की कळतंय. ते बटण काढून टाक बाबा. आणि ही गाडी पुढं तू विकशील, घेणाऱ्याला सांगशील का?

---

चिकोडी२३ (दुपारी २.३०)

हेच माझ्याबरोबर झालं. सेकंडहँड गाडी घेतली, एमएच ०९ पासिंगची, सीमेवरच्या कोगनोळीच्या पलीकडून. दिवा कधी लागलाच नाही, मी खूश. वर्षाने सर्व्हिसला कळलं की दिवा लागतच नव्हता. चावी ऑन केल्यावर तो लाल माणूस काही सेकंद उजळून विझायला हवा. माझा उजळतच नव्हता, कुणीतरी मागे त्याचं काम करून ठेवलं होतं. जुनी गाडी घेताना इंजिनचा आवाज सगळे ऐकतात, हे कुणी बघत नाही. चावी ऑन करा आणि बघा: लागला पाहिजे, आणि विझला पाहिजे.

---

निपाणीकर (दुपारी २.४४)

कोगनोळीच्या पलीकडच्यांनी फसवलं म्हणता, अलीकडचे काय कमी आहेत? सीमाप्रश्न...

---

कुंदा_पाव_किलो (दुपारी २.४६)

नको. तो २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. तोवर टिळकवाडीकरांचा हॉर्न होऊ दे.

---

कॉलेजरोड (दुपारी ३.१०)

माझं मत जरा वेगळं. इथे सगळे मोठ्या उत्साहाने पायऱ्या सांगताहेत, पण धागाकर्त्याने विचारलंय घरी करू का. माझं उत्तर: नाही. हे ब्रेक पॅड बदलणं नाही. काम चुकलं तर लगेच कळत नाही. हॉर्न वाजेल, दिवा विझेल, आपण पेढे वाटू, आणि एक महिन्याने वंटमुरी घाटात पट्टी तुटेल. साडेसहा हजार आणि चार दिवस, एवढ्यासाठी जीव टांगणीला का?

---

जुना_फिटर (दुपारी ४.३०)

कॉलेजरोड यांचं बरोबर हाय. ज्यानं कधी स्टिअरिंग काढलेलं बघितलं नाही त्यानं एकट्यानं करू नये. खरं शोरूममध्ये पण करणारा पोरगाच असतोय, अठरा-वीस वर्षांचा. म्हणून कुठंही द्या, शेजारी उभं राहा आणि काय बघायचं ते माहीत असू दे. राहिलेलं सांगतो, हेच सगळ्यात महत्त्वाचं.

नवीन डबी कंपनीकडनं बरोबर मध्यावर आणून, लॉकची पिन किंवा चिकटपट्टी लावून येतीय. ती पिन डबी कॉलमवर बसेस्तोवर काढायची नाही. पोरं काय करतात, खोक्यातनं काढली की हातात घेऊन खेळण्यासारखी फिरवून बघतात. मध्य गेला. आता ती बसवली तर एका बाजूला पट्टी भरपूर आणि दुसऱ्या बाजूला कमी. स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की कमी असलेल्या बाजूला ताणून तुटली. माईच्या गाडीत तेच झालंय.

चुकून फिरलीच तर: हळू हातानं एका बाजूला शेवटपर्यंत न्यायची, हाताला अडकल्यासारखं लागलं की थांबायचं, जोर नाही. मग उलट फिरवत फेरे मोजायचे, दुसऱ्या टोकाला जाईस्तोवर. समजा पाच भरले, तर अडीच परत. डबीवर बाणाच्या खुणा असतात, त्या समोरासमोर आल्या पाहिजेत. फेऱ्यांचा आकडा गाडीगणिक वेगळा, पुस्तकात दिलेला असतोय.

आणि चाकं सरळ पाहिजेत. डबी मध्यावर खरं चाकं वळलेली, तर काय उपयोग?

खालून स्टिअरिंग रॅकचं काम काढलं असेल, शाफ्ट सोडला असेल, तेव्हापण स्टिअरिंग बांधून ठेवायचं. गाडीचा पट्टाच लावून बांधा. मोकळं स्टिअरिंग कुणी गंमत म्हणून फिरवलं की वरची पट्टी खल्लास, आणि मग मेस्त्री म्हणतोय मी तर खाली काम करत होतो.

---

रेझिस्टर (सायंकाळी ५.०२)

काकांना पूर्ण अनुमोदन, दोनच गोष्टी जोडतो. एअरबॅग सुटी असताना बॅटरी जोडून चावी ऑन करू नका. "हॉर्न तरी वाजतो का बघू" हा मोह इथेच होतो. युनिट लगेच नवा फॉल्ट लिहून ठेवतं, तो मग स्कॅनरनेच पुसावा लागतो. आणि सगळं बसवल्यावर पहिल्यांदा चावी ऑन करताना स्टिअरिंगसमोर बसू नका, दारातून हात घालून करा.

ज्यांच्या गाडीत गाडी घसरू न देणारी यंत्रणा आहे त्यांनी पार्ट नंबर नीट जुळवा. तिथे बऱ्याचदा स्टिअरिंग किती वळलंय हे मोजणारा सेन्सर याच डबीला जोडलेला असतो, आणि बदलल्यावर स्कॅनरने शून्य बिंदू शिकवावा लागतो. २०१४ च्या हॅचबॅकमध्ये बहुधा नसेल.

---

चोर्लाप्रेमी (सायंकाळी ६.३०)

अवांतर: चोर्ल्याचा रस्ता सध्या कसा आहे? शनिवारी जायचंय.

---

खानापूरची_माई (सायंकाळी ६.४१)

हॉर्न चालू असेल तर जा.

---

निपाणीकर (सायंकाळी ७.१५)

डुप्लिकेट पार्ट बाराशे-पंधराशेत ऑनलाइन मिळतो. कुणी लावलाय का? का भंगारातल्या गाडीचा ओरिजिनल बरा?

---

जुना_फिटर (रात्री ८.००)

भंगारातला नको. ती गाडी भंगारात गेली म्हणजे ठोकलेली असणार. बॅग फुटलेल्या गाडीतली डबी मी कधी परत वापरली नाही, पट्टी भाजलेली असतीय. डुप्लिकेट लावलेली एक गाडी पाच महिन्यांत परत आली होती माझ्याकडं. हॉर्नपुरतं म्हणाल तर चाललं असतं. बॅगेसाठी ओरिजिनल.

---

टिळकवाडीकर (शनिवार, रात्री ८.२०)

काम झालं. सविस्तर लिहितो, कारण तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ दिलात.

पार्ट अधिकृत काउंटरवरून घेतला. घरी करायचा विचार सोडला (कॉलेजरोड, तुमचा प्रतिसाद बायकोने वाचला). वडगावातल्या एका फिटरकडे गेलो. पहिला प्रश्न मीच टाकला, सुरुवात कुठून करणार? तो म्हणाला, "बॅटरी काढून. मग चहा." फिटरकाका, तुमचा शिष्य आहे का काय की!

निगेटिव्ह काढली, चहा सांगितला, अकरा मिनिटांनी आला. बॅग काढून त्याने मागच्या सीटवर तोंड वर करून ठेवली आणि दारं लावून घेतली, कारण गॅरेजमध्ये दोन लहान पोरं फिरत होती. नट सैल केला, पूर्ण काढला नाही, पुलर लावला. 'टक्' करून स्टिअरिंग सुटलं आणि नटाला अडकून थांबलं. माझं तोंड बरोबर त्याच रेषेत होतं. काकांचा दात आठवला.

जुनी डबी घरी आणून उघडली. आतली रिबन ओसरीत पसरली तर चांगली साडेचार हात भरली. जुन्या कॅसेटच्या टेपसारखी, पण रुंद, आणि आत तांब्याच्या सहा बारीक रेघा. ज्या जागी ती उलट दुमडते तिथे प्लॅस्टिक पांढरट पडलं होतं. उजेडात धरली तर तिथे केसाएवढी चीर दिसत होती. सहापैकी चार रेघा तुटलेल्या. दोन बोटांनी सरळ धरली की चिरेची तोंडं जुळायची, वाकवली की फाकायची. सरळ असताना हॉर्न वाजायचा आणि वळणावर जायचा, त्याचं कारण असं हातात धरून बघितलं.

दिवा लागला, सहा-सात सेकंदांनी विझला. बटणं चालू. हॉर्न असा वाजला की समोरच्या बेकरीतला माणूस बाहेर आला. पार्ट साडेसहा हजार, मजुरी सहाशे.

---

जुना_फिटर (रात्री ८.४५)

छान. त्या फिटरला माझा नमस्कार सांगा. स्टिअरिंग सरळ बसलंय ना? घरी येताना बघितलं?

---

टिळकवाडीकर (रात्री ९.०५)

तेच लिहिणार होतो. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग किंचित उजवीकडे कललेलं दिसतंय. थोडंसंच, घड्याळात बाराच्या पुढे एखाद-दोन मिनिटं सरकावीत तसं. चाकं सरळ, गाडी ओढत नाही. उद्या अलाइनमेंट करून घेऊ का?

---

खानापूरची_माई (रात्री ९.०७)

खूण कशाने केली होती?

---

टिळकवाडीकर (रात्री ९.१५)

मार्करने. परमनंट होता. फिटरने ग्रीस पुसताना तीही गेली, मग त्याने अंदाजाने बसवलं.

---

खानापूरची_माई (रात्री ९.१६)

🙂

---

जुना_फिटर (रात्री ९.३०)

अलाइनमेंटवाल्याला हात लावू देऊ नका. आधी गाडी ओढत नव्हती, आताही ओढत नाही, म्हणजे खालचं सगळं ठीक हाय. एक खाच चुकलीय. कुठल्या कुठल्या गाडीत एक खाच जाड असतीय, तिथं चुकायचा प्रश्नच नाही, तुमच्यात ती नाही असं दिसतंय. त्याच फिटरकडं जा. चाकं सरळ करून स्टिअरिंग काढायचं, डबी जराही हलू न देता एक खाच डावीकडं, नट नवा, पुस्तकात सांगितलेल्या टॉर्कनं आवळायचा. दहा मिनिटांचं काम.

---

टिळकवाडीकर (रात्री ९.३४)

म्हणजे परत बॅग काढायची?

---

जुना_फिटर (रात्री ९.३५)

परत.

---

टिळकवाडीकर (रात्री ९.३६)

परत बॅटरी, परत चहा?

---

जुना_फिटर (रात्री ९.३८)

परत. आणि यावेळी चहाचे पैसे त्याला द्यायला लावा.

---

टिळकवाडीकर (रात्री १०.१०)

आत्ताच बायकोकडे नेलपॉलिश मागितली. ती विचारतेय, खानापूरची माई कोण?

---

कुंदा_पाव_किलो (रात्री १०.१२)

आता बॅटरी काढून दहा मिनिटं थांबा. हात लावू नका.